विजेवरचे वाहन घेताना सरकारी साहाय्याचा हिशेब

विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या खरेदीला सरकारचे पाठबळ आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र हे पाठबळ केंद्राकडून येते की राज्याकडून, वाहन घेताना मिळते की रस्त्यावर आल्यानंतर, आणि कोणत्या तारखेला ते संपते, या प्रश्नांची उत्तरे शोरूममधील फलकावर सहसा सापडत नाहीत. सर्वसामान्य ग्राहक ‘अनुदान किती?’ एवढेच विचारतो आणि त्या आकड्यावर खरेदीचा निर्णय घेतो. वस्तुतः वैयक्तिक वापराच्या वाहनाच्या बाबतीत रोख अनुदान हा सरकारी साहाय्याचा लहान आणि सतत घटत गेलेला भाग आहे. मोठा भाग न आकारलेल्या करांच्या रूपाने येतो आणि बिलात तो वेगळा दिसतही नाही. म्हणून खरेदीदाराने अनुदानाचा आकडा बाजूला ठेवून आधी कराच्या रकान्यांकडे पाहावे, आणि प्रत्येक सवलतीपुढे तिची अंतिम तारीख लिहून ठेवावी.

केंद्राच्या अनुदानाचा इतिहास पाहिला म्हणजे तारखेला एवढे महत्त्व का द्यायचे ते कळते. ‘फेम’ या संक्षिप्त नावाने ओळखली गेलेली योजना १ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून दहा हजार कोटी रुपयांच्या तरतुदीने अमलात आला आणि मुदतवाढ मिळत ३१ मार्च २०२४ पर्यंत चालला. या योजनेत अनुदान बॅटरीच्या क्षमतेनुसार ठरत असे. ही क्षमता किलोवॉट-तास या एककात मोजली जाते, आणि एक किलोवॉट-तास म्हणजे घरच्या वीजबिलावरचे एक युनिट. जून २०२१ मध्ये दुचाकींचा दर प्रत्येक किलोवॉट-तासामागे १५ हजार रुपये करण्यात आला आणि त्याला किमतीच्या ४० टक्क्यांची कमाल मर्यादा घालण्यात आली. १ जून २०२३ पासून तोच दर १० हजारांवर आणि मर्यादा १५ टक्क्यांवर आली. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या तात्पुरत्या योजनेत दर ५ हजार झाला आणि एका दुचाकीमागे १० हजारांपेक्षा जास्त मिळणार नाही असे ठरले. १ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या, १०,९०० कोटी रुपयांच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेने पहिल्या वर्षी हाच दर ठेवला आणि दुसऱ्या वर्षी तो निम्म्यावर, म्हणजे अडीच हजार रुपयांवर आणि कमाल पाच हजारांवर आणला. कारखान्यातून बाहेर पडताना १ लाख २० हजार रुपये किंमत असलेली, तीन किलोवॉट-तासांची बॅटरी बसवलेली एखादी स्कूटर कल्पिली, तर तिला मे २०२३ मध्ये ४५ हजार, जून २०२३ मध्ये १८ हजार, २०२४ च्या मध्यात १० हजार आणि एप्रिल २०२५ नंतर ५ हजार रुपये मिळाले असते. वाहन तेच, बॅटरी तीच, आणि दोन वर्षांच्या आत अनुदान नऊपटींनी कमी.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ‘पीएम ई-ड्राइव्ह’ची मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढवली, परंतु नोंदणीकृत दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांच्या अनुदानाची अंतिम तारीख ३१ मार्च २०२६ हीच कायम ठेवली, वाढवलेली मुदत बस, ट्रक, रुग्णवाहिका आणि चार्जिंगची केंद्रे यांच्यासाठी होती. ‘योजना २०२८ पर्यंत आहे’ असे विक्रेत्याने सांगितले तर त्याचे म्हणणे अर्धेच खरे ठरते, म्हणून स्कूटर घेणाऱ्याने आपल्या वाहनप्रकाराची तारीख योजनेच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावी. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: खासगी वापराच्या मोटारीला केंद्राचे रोख अनुदान या योजनेत नाही, आणि फेमच्या दुसऱ्या टप्प्यातही ते केवळ व्यावसायिक वापराच्या चारचाकींपुरते होते. मोटार घेणाऱ्याला शोरूममध्ये ‘केंद्र सरकारची सबसिडी’ म्हणून काही दाखवले जात असेल, तर ती बहुधा कंपनीचीच सूट असते.

अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होत नाही. विक्रेता ते किमतीतून वजा करतो आणि उत्पादक कंपनी नंतर सरकारकडून वसूल करते. ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये त्यासाठी ई-व्हाउचरची पद्धत आहे. शोरूममध्ये ग्राहकाच्या आधार क्रमांकाची पडताळणी झाली की मोबाइलवर व्हाउचरचा दुवा येतो. ग्राहकाने ते उतरवून, स्वाक्षरी करून विक्रेत्याला द्यायचे, विक्रेत्याने त्यावर सही करून ते संकेतस्थळावर चढवायचे आणि सही झालेली प्रत दोघांना पोहोचायची, असा हा क्रम आहे. एका आधार क्रमांकावर एकाच वाहनाला लाभ मिळतो, त्यामुळे वडिलांच्या नावावर स्कूटर घेऊन नंतर त्याच नावावर दुसरी घेण्याचा बेत असेल, तर दुसऱ्या वेळी अनुदान मिळणार नाही हे धरून चालावे. व्हाउचरवर सही करण्याआधी कोटेशनमध्ये अनुदानाची रक्कम स्वतंत्र ओळीत वजा दाखवली आहे का, आणि चार्जर किंवा सॉफ्टवेअर यांचे पैसे निराळे लावले आहेत का, हे पाहणे आवश्यक आहे. अनुदानासाठी दुचाकीच्या कारखाना-किमतीला दीड लाखाची मर्यादा होती; ती ओलांडली जाऊ नये म्हणून काही उत्पादकांनी चार्जर वेगळा विकल्याचे २०२३ मध्ये उघड झाले आणि ग्राहकांना ते पैसे परत करण्याची वेळ त्यांच्यावर आली. ज्यांच्याकडे चार्जरची वेगळी पावती होती त्यांना आपला हक्क सांगणे अर्थातच सोपे गेले.

आता कराचा भाग. विजेवरील वाहनांवरचा वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ रोजी १२ वरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला आणि तेव्हापासून तो तेवढाच आहे. याउलट ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवर २८ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. लहान पेट्रोल मोटारींनाही १८ टक्क्यांचाच दर लागू झाला. म्हणजे विजेच्या वाहनाच्या सवलतीला कोणी हात न लावताही तिचे तुलनात्मक मोल २३ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. धोरणांची चर्चा करताना हा बदल सहसा विचारात घेतला जात नाही, पण ज्यांनी सप्टेंबरपूर्वीची तुलना वाचून मन बनवले असेल त्यांनी आकडेमोड पुन्हा करावी हे बरे.

महाराष्ट्रात त्यावर मोटार वाहन कराची माफी मिळते. पेट्रोलवरच्या मध्यम आकाराच्या दुचाकीला राज्यात सुमारे ११ टक्के, तर दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल मोटारीला १२ टक्के कर एकरकमी भरावा लागतो. पंधरा लाखांच्या मोटारीवर ही रक्कम १ लाख ८० हजार होते. विजेच्या मोटारीच्या बिलात या रकान्यात शून्य असते. नोंदणी शुल्कही केंद्राच्या २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनुसार माफ आहे. एक लाख रुपये मूळ किमतीच्या स्कूटरचा हिशेब मांडला तर करातील फरक १३ हजार आणि मोटार वाहन कर ११ हजारांच्या आसपास, म्हणजे साधारण २४ हजार रुपये केवळ न भरलेल्या करातून वाचतात, आणि केंद्राचे व राज्याचे अनुदान दोन्ही पूर्ण मिळाले तरी ते १५ हजारांच्या पलीकडे जात नाही. अर्थात ही तुलना सारख्या किमतीच्या दोन वाहनांची आहे. बॅटरीमुळे विजेच्या वाहनाची मूळ किंमत बहुधा अधिक असते आणि वाचलेल्या करातला काही भाग तिथेच खर्ची पडतो, ही गोष्ट जाहिरातीत येत नसली तरी हिशेबात धरावी लागते.

राज्याचे सध्याचे धोरण मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केले असून त्याचा कालावधी ३१ मार्च २०३० पर्यंतचा आहे आणि त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद ठरवण्यात आली आहे. दुचाकीला मूळ किमतीच्या १० टक्के, कमाल १० हजार रुपये, आणि तीनचाकीला कमाल ३० हजार रुपये असे त्याचे स्वरूप आहे. प्रत्येक प्रकारात किती वाहनांना लाभ द्यायचा याची संख्या ठरलेली असल्याने धोरण चालू असणे आणि आपल्याला लाभ मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ च्या धोरणाच्या वेळी मोटारींसाठीचा लाभ पहिल्या दहा हजार वाहनांपुरता होता आणि तेव्हाही रांगेत मागे राहिलेल्यांची निराशा झाली होती. म्हणून राज्याचे अनुदान किमतीतून आजच वजा होते आहे की ‘सरकारकडून आल्यावर’ देण्याचे आश्वासन आहे, हे विक्रेत्याकडून कोटेशनवर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन असेल तर ते अनुदान शून्य धरूनच परवडते का ते पाहावे. कर्ज घेणाऱ्याने तर ही दक्षता अधिक घ्यावी, कारण बँकेचा हप्ता आलेल्या नव्हे तर येणार असलेल्या पैशावर ठरला, तर पहिल्या महिन्यापासून ओढाताण सुरू होते.

सवलती धोरणात लिहिलेल्या असल्या तरी अर्थसंकल्पात त्या डळमळू शकतात, याचेही उदाहरण ताजे आहे. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांपेक्षा अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचे जाहीर केले.

पथकराच्या माफीबाबत गैरसमज अधिक आहेत. राज्याच्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तीन ठिकाणी विजेच्या चारचाकींना व बसगाड्यांना पूर्ण माफी दिली आहे आणि अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून अमलात आली. सेतूवर मोटारीला एका फेरीचे २५० रुपये पडतात, त्यामुळे नवी मुंबईहून रोज दक्षिण मुंबईत जाणाऱ्याला ही माफी एका वर्षातच दुचाकीच्या खरेदी-अनुदानापेक्षा कितीतरी मोठी ठरते. मालवाहू वाहने मात्र तिच्यात नाहीत. तसेच ही माफी राज्याच्या अखत्यारीतील रस्त्यांपुरती आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या नाक्यांवर, उदाहरणार्थ पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खेड-शिवापूरला, ती चालत नाही. नाक्यावरची यंत्रणा फास्टॅगला जोडलेला वाहन क्रमांक ‘वाहन’ या केंद्रीय नोंदणीत तपासून इंधनाचा प्रकार ओळखते, म्हणून फास्टॅग जुन्या गाडीवरून काढून नव्या गाडीवर चिकटवण्याचा उद्योग कोणी करू नये. आरसी हाती आल्यावर तिच्यावरील इंधनाचा रकाना बरोबर आहे का ते वाचावे आणि फास्टॅग नव्या क्रमांकावर नव्याने घ्यावा. माफी असूनही पैसे कापले गेले, तर खात्यातील नोंद आणि नाक्यावरील वेळ यांसह तक्रार लगेच नोंदवलेली बरी, कारण महिन्याभराने त्या नोंदी शोधत बसण्याचा कंटाळा येतो आणि रक्कम तशीच राहते.

आयकरातील सवलत हा जुन्या लेखांतून अजूनही फिरणारा मुद्दा आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० ईईबीनुसार वाहनकर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट मिळत असे, पण ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच तिचा उपयोग होता. आज नवे कर्ज घेणाऱ्याने ती हिशेबात धरू नये. विम्याच्या बाबतीत तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात विजेच्या वाहनांना १५ टक्के सूट आहे. ती पॉलिसीत दिसते का, एवढे पाहिले की पुरे.

‘लायसन्स नको, पासिंग नको’ अशा जाहिरातीखाली विकल्या जाणाऱ्या कमी वेगाच्या स्कूटरींबद्दल मात्र स्पष्ट इशारा देणे भाग आहे. ज्या दुचाकीची मोटर २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे आणि बॅटरीविना वजन ठरलेल्या मर्यादेत आहे, ती मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाही; म्हणून तिला नोंदणी नाही, क्रमांकाची हिरवी पाटी नाही आणि केंद्राचे अनुदानही नाही. तिचा वेग विक्रेत्याने वायर तोडून किंवा सॉफ्टवेअर बदलून वाढवून दिला, तर ती कायद्याच्या दृष्टीने नोंदणी आणि विमा नसलेले मोटार वाहन होते आणि अपघात झाल्यास भरपाईचा सगळा बोजा मालकावर येतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हाती अशी स्कूटर देणाऱ्या पालकांनी ही बाब शोरूममध्येच विचारून घ्यावी.

वाहन घरी आल्यानंतरच्या मदतीकडे, म्हणजे चार्जिंगकडे, धोरणांनी जितके लक्ष दिले आहे तितके ग्राहक देत नाहीत. वीज कायद्याच्या दृष्टीने चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले. त्यामुळे चार्जिंग केंद्र चालवण्यास वेगळा परवाना लागत नाही, आणि कोणालाही आपल्या घरच्या जोडणीवर स्वतःचे वाहन चार्ज करता येते. प्रश्न दराचा आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली शंभर युनिटे, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत आणि त्यापुढे. लहान मोटार एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते असे धरले, तर महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला सुमारे १४० युनिटे लागतात. ज्या घराचा वापर २२० युनिटांचा आहे, त्याचा आकडा ३६० वर जातो आणि वरची ६० युनिटे महागड्या टप्प्यात पडतात. ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे आणि वापर आधीच तीनशेच्या पुढे आहे, त्याच्या गाडीचे प्रत्येक युनिट वरच्या दराने जाते. यावर उपाय म्हणजे वाहनासाठी वेगळी जोडणी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहकहक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ग्राहकाने मागणी केल्यास वीज कंपनीने वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी द्यायची आहे. नव्या जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी ठरवली आहे. चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग असल्याने टप्प्यांची चढण टळते, परंतु स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. म्हणून कमी फिरणाऱ्या स्कूटरसाठी स्वतंत्र मीटर क्वचितच परवडतो, मोटारीसाठी तो पुष्कळदा परवडतो.

जोडणीच्या आधी मंजूर भार पाहावा. मंजूर भार म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढण्याची परवानगी घराला आहे, त्याचा बिलावर छापलेला आकडा. सोळा अँपिअरच्या साध्या जोडणीवरील चार्जर सुमारे ३.३ किलोवॉट ओढतो आणि रात्रीच्या आठ तासांत २५ युनिटांच्या आसपास वीज भरतो, जी शहरातल्या रोजच्या फिरण्याला पुरून उरते. भिंतीवर बसवायचा ७ किलोवॉटचा चार्जर मात्र अनेक घरांच्या मंजूर भारापेक्षाच मोठा असतो. तो घेण्यापूर्वी भार वाढवण्याचा अर्ज करणे, स्वतंत्र वायर आणि चांगले अर्थिंग करून घेणे आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर बसवणे हा खर्च किमतीत धरला पाहिजे. विस्तार-तार लावून खिडकीतून खाली गाडीपर्यंत वायर सोडण्याची पद्धत जुन्या वस्त्यांत दिसते. ती धोक्याची आहे आणि तिच्यामुळे आग लागल्यास विमा कंपनी हरकत घेऊ शकते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांची अडचण तांत्रिक कमी आणि कमिटीची अधिक असते. येथे अर्ज लेखी करावा आणि त्यात चार बाबी स्पष्ट असाव्यात: वायर कोणत्या मार्गाने येणार, मीटर स्वतंत्र असणार, खर्च अर्जदार करणार आणि काम परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून होणार. बहुतेक हरकती ‘सोसायटीच्या सामाईक मीटरवर बिल कोण भरणार’ या एका प्रश्नाभोवती फिरतात, आणि स्वतंत्र मीटर आला की त्या उरत नाहीत. नव्या इमारतीत सदनिका घेणाऱ्याने पार्किंगपर्यंत चार्जिंगची वाहिनी टाकली आहे का हे ताबा घेण्यापूर्वीच पाहावे. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने आदर्श बांधकाम उपविधींत फेब्रुवारी २०१९ मध्येच पार्किंगच्या २० टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची सोय सुचवली होती, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणाने ती अपेक्षा पुढे नेली आहे.

उपजीविकेसाठी वाहन घेणाऱ्यांना मिळणारे साहाय्य वैयक्तिक वाहनापेक्षा ठळक आहे. महिलांसाठीच्या राज्याच्या पिंक ई-रिक्षा योजनेत किमतीचा २० टक्के भाग राज्य देते, ७० टक्के बँकेचे कर्ज असते आणि १० टक्के लाभार्थीने भरायचे असतात. म्हणजे अनुदान मिळाले तरी परतफेडीचा भार उरतोच, आणि रोजच्या धंद्याचा अंदाज न घेता केवळ सवलत पाहून अर्ज करणे घातक ठरते. बॅटरीवरील परिवहन वाहनांना परमिटची अट २०१८ पासून शिथिल आहे, हा रिक्षाचालकासाठी कदाचित अनुदानाहून मोठा लाभ म्हणता येईल. ट्रकमालकांसाठी ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये एका वाहनामागे कमाल ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन आहे, मात्र त्यासाठी जुना डिझेल ट्रक मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि ते केवळ नोंदणीकृत भंगार केंद्राचेच चालते.

जुने वाहन घेणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की खरेदीचे अनुदान पहिल्या विक्रीलाच मिळते. दुसऱ्या मालकाला त्यातले काही मिळत नाही. नोंदणीकृत वापरलेल्या वाहनांच्या व्यापाऱ्याकडून ते घेतले, तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के कर लागतो आणि तो किमतीत येतो. व्यक्तीने व्यक्तीला विकल्यास तो लागत नाही. बॅटरीची हमी दुसऱ्या मालकाच्या नावे वळते का हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे, कारण हमी संपल्यावर वेगळी विकत घेतलेली लिथियम बॅटरी ५ नव्हे, १८ टक्के कराने येते. निकामी झालेली बॅटरी २०२२ च्या नियमांनुसार परत घेण्याची व्यवस्था करणे उत्पादकाचे काम आहे. ती भंगारवाल्याला देण्याऐवजी सेवाकेंद्रात जमा करून पावती घ्यावी.